काम, कार्य, कामकाज, उद्योग, दिनक्रम… बोलताना कुठला शब्द कधी?

प्रश्न थोडक्यात असा होता: काम, कार्य, कामकाज, उद्योग, दिनक्रम, दिनचर्या हे शब्द डिक्शनरीत बघितले तर एकाचा अर्थ म्हणून दुसराच दिलेला असतो, मग रोजच्या बोलण्यात कुठला कधी घ्यायचा. आणि दुसरं म्हणजे "मी दैनंदिन दिनचर्येत व्यस्त आहे, कार्य संपल्यावर फोन करते" असं म्हटल्यावर मराठी सहकारी हसले, ते का. मी अमराठी मोठ्या माणसांना मराठी बोलायला शिकवते, बरीच वर्षं, आणि या वाक्याचे भाऊबंद दर बॅचला भेटतात म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

आधी ते वाक्य. व्याकरणात काहीही चूक नाहीये, तरी ते कोणी बोलणार नाही. दैनंदिन म्हणजे रोजचं, आणि दिनचर्येत दिन आहेच, म्हणजे रोजचं दोनदा झालं. व्यस्त हा हिंदीतून आलाय. मराठीत व्यस्त म्हणजे उलटं, शाळेत सम प्रमाण आणि व्यस्त प्रमाण शिकतात त्यातलं, बिझी या अर्थाचा जुना मराठी शब्द व्यग्र. आता पेपरात, टीव्हीवर सगळीकडे व्यस्त सर्रास चालतं त्यामुळे मी त्यावरून भांडत नाही, पण मराठी माणूस तोंडाने व्यग्रही म्हणत नाही आणि व्यस्तही म्हणत नाही, तो म्हणतो "कामात आहे". आणि हसू आलं ते 'कार्य'वर. घरगुती बोलण्यात कार्य म्हणजे लग्न, मुंज असला समारंभ. "पुढच्या महिन्यात आमच्याकडे कार्य आहे" असं म्हटलं की ऐकणारा लगेच "अरे वा, कोणाचं?" विचारतो. मंगल कार्यालयातलं कार्य ते हेच. म्हणजे तुमच्या सहकाऱ्यांना असं ऐकू आलं की घरचं लग्न आटपलं की ह्या बाई फोन करणार! साधं वाक्य असं: "आत्ता जरा कामात आहे, झालं की फोन करते." बघा, 'संपल्यावर'सुद्धा गेलं, 'झालं की' आलं.

आता मुद्द्याचं. डिक्शनरीत शब्द सुटा दिलेला असतो आणि मराठीत 'काम' सुटं जवळजवळ येतच नाही, त्याच्या मागे प्रत्यय लागतो किंवा पुढे क्रियापद येतं आणि अर्थ तिथे ठरतो. त्यामुळे काम, कार्य, कर्म यांचे अर्थ पाठ करण्यापेक्षा एकट्या 'काम'ला कुठला प्रत्यय लागला की काय होतं ते पाहिलं तर अर्धी मराठी हाती येते.

"कामात आहे" म्हणजे बिझी. "कामावर आहे" म्हणजे ड्युटीवर, कामाच्या जागी, घरी फोन केला तर "ते कामावर गेलेत" असं उत्तर येतं. "कामाला आहे" म्हणजे नोकरीला, पण यात एक पायरी लपलेली असते. "ती चार घरी कामाला आहे", "तो गॅरेजमध्ये कामाला आहे" हे सहज बोलतात, बँकेतल्या मॅनेजरबद्दल मात्र "बँकेत कामाला आहे" असं कोणी म्हणत नाही, "बँकेत आहे" एवढंच म्हणतात, किंवा जुनी माणसं "सर्विसला आहे" आणि तरुण मुलं "जॉब करतो". ही पायरी बरोबर आहे का, तर नाही, पण ती आहे आणि ती माहीत नसेल तर तुम्ही नकळत कोणाला तरी दुखावता. "कामासाठी आलो होतो" म्हणजे काहीतरी ठरावीक काम होतं म्हणून, आणि तेच जरा अदबीने, जास्त न सांगता म्हणायचं तर "कामानिमित्त". "कामाचा माणूस" म्हणजे उपयोगाचा. "कामापुरता" म्हणजे गरज असेल तेवढाच, कामापुरता मामा ही म्हण त्यातलीच. "कामातून गेला" म्हणजे वाया गेला, माणूसही जातो आणि मिक्सरही जातो. "कामी आला" म्हणजे उपयोगी पडला, पण हेच बखरीत आलं तर सावध, "लढाईत पन्नास माणूस कामास आले" म्हणजे पन्नास जण मारले गेले. आणि "काम तमाम" तर सगळ्यांनाच माहितीये.

क्रियापदांचंही तसंच. "काम आहे" आणि "काम पडलं" यात फरक आहे, "तुझं त्याच्याशी काम पडलं तर तो ओळखणार नाही" म्हणजे गरज पडली तर. "कामाला लाग" म्हणजे उठ, सुरू कर. "नोकरी लागली" म्हणजे मिळाली. "काम लागलं" म्हणजे काहीतरी मागे लागलं, आता ते करणं भाग आहे. नळ, मोबाईल, लिफ्ट यांच्याबद्दल आता "काम करत नाही" असं बरेच जण म्हणतात, ते चुकीचं म्हणणार नाही पण कानाला इंग्रजी लागतं, मराठीत फोन चालत नाही, लिफ्ट बंद पडते, नळाला पाणी येत नाही, औषध लागू पडत नाही. यंत्र चालतं आणि माणूस काम करतो, एवढं लक्षात ठेवलं तरी बोलणं एकदम मराठी वाटायला लागतं.

थोडं मूळ सांगते कारण त्याने बाकीचे शब्द जागेवर बसतात. संस्कृत कर्म, त्याचं प्राकृतात कम्म आणि मराठीत काम. कार्य त्याच घरातला, त्याचं 'काज' झालं, म्हणून कामकाज म्हणजे खरं तर एकाच अर्थाचे दोन शब्द शेजारी. (इच्छा, वासना या अर्थाचा संस्कृत 'काम' हा वेगळा शब्द, तो कामदेव, कामातुर यात येतो. एका विद्यार्थ्याने "मी आज फार कामातुर आहे" असं बॉसला लिहिलं होतं, कामाची ओढ आहे या अर्थाने, तो मेसेज पाठवायच्या आधी मला दाखवला हे त्याचं नशीब.)

आता हे भाऊ वेगवेगळ्या घरी नांदतात. काम रोजच्या बोलण्यात. कार्य एक तर समारंभात नाहीतर मोठ्या सामाजिक गोष्टीत, "त्यांचं शिक्षणक्षेत्रातलं कार्य", "कार्यकर्ता", म्हणून स्वतःच्या ऑफिसच्या एक्सेल शीटला कार्य म्हणू नये. कर्म हे बोलताना जवळजवळ फक्त नशिबाच्या बाजूने येतं, "कर्म माझं!" म्हणजे काय हे माझं नशीब, बाकी कर्मचारी, क्रियाकर्म असल्या जोडशब्दात. कामकाज हे संस्थेचं असतं, सभागृहाचं, कोर्टाचं, बँकेचं, "दुपारी कामकाज पुन्हा सुरू झालं". माझं कामकाज, तुझं कामकाज असं कोणी म्हणत नाही. कामगिरीचे दोन अर्थ, एखाद्याला कामगिरीवर पाठवणं म्हणजे मोहिमेवर, आणि चांगली कामगिरी म्हणजे परफॉर्मन्स, रिझल्ट लागल्यावर पेपरात येतो तो. कारभार म्हणजे चालवण्याची पद्धत आणि जबाबदारी, आणि बहुतेक वेळा तक्रारीत येतो, "काय कारभार आहे इथला", "सगळा अंधाधुंद कारभार". खेड्यात नवऱ्याला "कारभारी" म्हणतात तो ह्यातलाच.

उद्योग आणि धंदा यांच्याबद्दल जरा जपून. एकवचनात उद्योग सभ्य आहे, साखर उद्योग, लघुउद्योग, उद्योजक. पण "काय उद्योग चाललेत?" असं अनेकवचन झालं की त्यात खोडी आली, "हे काय उद्योग करून ठेवलेस" म्हणजे काय घोळ घालून ठेवलास. नसता उद्योग म्हणजे कोणी सांगितलं नव्हतं ते. धंद्याचंही तेच, "धंदा कसा चाललाय?" हे दुकानदाराला रोज विचारतात, "असले धंदे करू नकोस" ही दटावणी. आणि एक महत्त्वाचं, जे पुस्तकात सहसा लिहीत नाहीत: एखाद्या बाईबद्दल "ती धंदा करते" असं कधीही म्हणू नका, त्याचा अर्थ फार वाईट होतो. तिचा व्यवसाय आहे, बिझनेस आहे, दुकान आहे, क्लासेस आहेत, काहीही म्हणा. पेशा हा शब्द डॉक्टर, वकील, शिक्षक यांच्यासाठी लिहिण्यात येतो, बोलण्यात कमीच.

बेकार हा एक मजेशीर. फारसीत बे म्हणजे बिना आणि कार म्हणजे काम, म्हणजे काम नसलेला. आजोबांच्या तोंडी बेकार म्हणजे नोकरी नसलेला, नातवाच्या तोंडी बेकार म्हणजे वाईट, "पिक्चर बेकार होता", आणि हल्ली तर "बेकार हसलो" म्हणजे खूप हसलो. नोकरी नसलेल्याला आता सरकारी भाषेत बेरोजगार म्हणतात. कामाच्या जगातले आपले निम्मे शब्द असेच बाहेरून आलेत, नोकरी, चाकरी, रोजगार फारसी, रजा आणि हजेरी अरबी, पगार पोर्तुगीज. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, दरबारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द द्यायला, तरी पगाराला आज वेतन फक्त कागदावर म्हणतात. पगार होतो, वेतन मिळतं, आणि संपतो तो पगारच.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. काम पूर्ण करणं याला मराठीत जितकी क्रियापदं आहेत तितकी बोलणाऱ्याची त्या कामाबद्दलची मतं आहेत. "काम केलं" यात मत नाही. "काम उरकलं" म्हणजे एकदाचं झालं, त्यात मन नव्हतं. "आटपलं" यात वेळेवर नजर आहे, "लवकर आटप, बस जाईल". "मार्गी लावलं" म्हणजे पूर्ण झालं नाही पण आता ते चालत राहील, अडकणार नाही. "हातावेगळं केलं" म्हणजे आता त्याच्याकडे परत बघायला नको. "पार पाडलं" हे जबाबदारीचं, मोठं, लग्न पार पाडतात, निवडणूक पार पाडतात, भांडी पार पाडत नाहीत. "निभावलं" म्हणजे कसंबसं का होईना वेळ जाऊ दिली. "निस्तरलं" म्हणजे घोळ दुसऱ्याने घातला आणि साफ मी केला. "रेटलं", "ढकललं" म्हणजे इच्छा नसताना पुढे नेलं. बॉसला मेल लिहिताना "काम उरकून टाकलं" लिहू नका, तिथे "पूर्ण केलं" लिहा, आणि घरी "मी भांड्यांचं काम पूर्ण केलं" म्हणू नका, "भांडी झाली" म्हणा.

आणि आवरणे. ह्या एका शब्दावर मी अख्खा तास घेते. सकाळी आई बाथरूमच्या दाराबाहेरून विचारते "आवरलं का?" तेव्हा ती अंघोळ, कपडे, केस, दप्तर सगळं मिळून विचारत असते. "खोली आवर" म्हणजे पसारा जागेवर लाव. जेवणं झाल्यावर "मागचं आवरून येते" म्हणजे ताटं उचलणं, उरलेलं झाकणं, ओटा पुसणं, उद्यासाठी काही भिजत घालायचं असेल तर ते, आणि रात्री ह्यालाच झाकपाक म्हणतात. "आवरतं घे" म्हणजे भाषण थांबव. "स्वतःला आवर" म्हणजे राग, रडू, हसू थांबव. "मला आवरायचंय" असं म्हणून फोन ठेवता येतो आणि समोरचा वाईट वाटून घेत नाही, काय आवरायचंय असं कोणी विचारत नाही. आणि ऑनलाईन नुसतं "आवरा!" लिहिलं की पुरे झालं आता. एवढं सगळं एका शब्दात, आणि सगळ्यात मधली गोष्ट एकच, पसरलेलं गोळा करणं. ते लक्षात आलं की नवीन वाक्यातही अर्थ चुकत नाही.

घरकामाचे शब्द बरेचसे जोडीने येतात, केरफरशी, धुणीभांडी, झाडलोट, स्वयंपाकपाणी. वरकाम म्हणजे स्वयंपाक सोडून बाकीचं किरकोळ. घरात मदतीला येणाऱ्या बाईंना मोलकरीण म्हणणं आता कमी झालंय, मावशी, ताई किंवा कामवाल्या बाई म्हणतात, मावशी सगळ्यात सुरक्षित. हातासरशी हा एक सुंदर शब्द आहे, म्हणजे हातात तेच काम आहे तर त्याच्याबरोबर हेही, "कांदा चिरतेच आहेस तर हातासरशी टोमॅटो पण चिर". याला चांगला हिंदी किंवा इंग्रजी शब्द मला अजून कोणी दिलेला नाही.

कष्टाचे शब्द पटकन. मेहनत घेतात, अभ्यासाचीही. कष्ट उपसतात, त्यात सोसणं आहे. श्रम लिहिण्यातला, श्रमदान वगैरे. राबणे म्हणजे ऊर फुटेपर्यंत काम, आणि बहुतेक दुसऱ्यासाठी, पण "योजना राबवली" यात तो त्रास राहिलेला नाही. खपणे म्हणजे वेळ देऊन झिजणं, "दिवसभर खपून फराळ केला", माल खपतो तो वेगळा.

रुटीनकडे येऊ. दिनक्रम म्हणजे दिवसात कशानंतर काय, साधा आणि बोलण्यात चालणारा शब्द. दिनचर्या हा आयुर्वेदातला आहे, वाग्भटाच्या अष्टांगहृदयात सूत्रस्थानाचा दुसरा अध्यायच दिनचर्या आणि तिसरा ऋतुचर्या, त्यामुळे त्यात कसं वागावं याचा सल्ला असतो. लवकर उठा, दात घासा, तेल लावा. आरोग्याच्या लेखात तो शोभतो, "माझी दिनचर्या बिघडली" हे मात्र डॉक्टरांच्या पुढ्यात बसल्यासारखं वाटतं. नित्यक्रम म्हणजे एखाद्याची न चुकणारी सवय. नित्यनेम त्याहून पुढचा, त्यात श्रद्धा आहे, पूजा, पोथी, वारी. नित्यकर्म हा शब्द धर्मशास्त्रात रोजच्या संध्या-पूजेचा आहे पण बोलताना तो सकाळच्या संडास-अंघोळीला वापरतात, म्हणून "ऑफिसचं नित्यकर्म" असं काही लिहू नका प्लीज. शिरस्ता, परिपाठ, प्रघात हे "आमच्याकडे असंच करतात" या अर्थाचे, त्यातला परिपाठ आता शाळेतल्या सकाळच्या प्रार्थना-प्रतिज्ञेचं नाव झालाय. पायंडा म्हणजे एकदा पडलं की पुढे सगळे तेच करणार, आणि तो बहुधा वाईटच असतो, "नको तो पायंडा पाडू नका".

पण खरं सांगायचं तर लोक रुटीनच म्हणतात, आणि म्हणू देत. मराठीपणा पुन्हा क्रियापदात येतो, रुटीन लागतं, बसतं, बिघडतं. अस्सल मराठीत हवं असेल तर 'घडी' घ्या. "शाळा सुरू झाली की घराची घडी बसते", "पाहुणे आले आणि सगळी घडी विस्कटली". कंटाळा दाखवायचा असेल तर रहाटगाडगं, विहिरीवर ज्या चाकाला गाडगी बांधलेली असतात, भरून वर येतात आणि रिकामी होऊन पुन्हा खाली जातात. दमणूक दाखवायची असेल तर रामरगाडा किंवा धबडगा. आणि कोणी "काय चाललंय?" विचारलं तर यातलं काहीच नको, "काही नाही, नेहमीचंच".

रोज हा फारसी शब्द, म्हणजे दिवस. आपण त्याचे चार प्रकार केले. "रोज जाते" यात नुसती माहिती. "दररोज" जरा ठाशीव, औषधाच्या चिठ्ठीवरचा. "रोज रोज काय तेच?" म्हणजे वैताग. "रोजच्या रोज" म्हणजे आजचं आजच, साठू न देता, "हिशोब रोजच्या रोज लिही". शिवाय रोज म्हणजे दिवसाची मजुरी, "रोज किती देता?" हा पैशांचा प्रश्न आहे, वेळेचा नाही. रोजंदारी त्यातलीच. रोजावर न देता सगळं काम मिळून एक रक्कम ठरवली तर ते उक्तं, "रंगाचं काम उक्तं दिलंय". महाराष्ट्राची रोजगार हमी योजना, १९७७ च्या कायद्याची, तिला गावात रोहयो म्हणतात. आणि "दिवसाआड" म्हणजे एक दिवस सोडून, रोज नव्हे, ह्यात माझे विद्यार्थी हमखास अडकतात आणि मग पाणी कुठल्या दिवशी येणार याचा घोळ होतो.

वेळ, सवड, फुरसत, उसंत. वेळ नाही म्हणजे वेळ नाही, किंवा इच्छा नाही. सवड म्हणजे कामांच्या मधली मोकळी जागा, "सवडीने करा" यात घाई नाही असा दिलासा आहे, पण "सवड झाली तर येईन" म्हणाले तर ते येणार नाहीयेत. फुरसत आरामाची. उसंत फक्त नकारात भेटते, "क्षणाची उसंत नाही", "उसंत आहे" असं मी कोणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

शेवटचं, सुट्टीचं, कारण ऑफिसात चुका तिथेच जास्त होतात. सुट्टी सगळ्यांना असते, रविवार, सण, ती लागते किंवा पडते. रजा तुम्ही मागता आणि कोणीतरी मंजूर करतं, रजा टाकली असंही म्हणतात. किरकोळ रजा, अर्जित रजा हे फॉर्मवरचे शब्द आहेत, बोलताना सीएल, ईएल. न सांगता गेला नाहीत तर दांडी मारली. दिवस संपला की ऑफिस सुटतं, शाळेसारखंच, "मी सहाला सुटते". शिफ्टला पाळी, रात्रपाळी. आणि खाडा हा रोजावर किंवा घरकामाला असलेल्या माणसाचा, "या महिन्यात मावशींचे दोन खाडे झाले", त्यात पैसे कापायचे की नाही हा प्रश्न लगेच मागून येतो, म्हणून महिन्याच्या पगारावर असलेल्याने "माझा खाडा झाला" म्हटलं तर ते गमतीनेच घेतात.